पाणी स्थिरावेपर्यंत

ता. ४ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि बाबा फोन घेत नाहीत, म्हणून पत्र.

मला एकदाची स्वतःची जागा मिळाली. तळमजला आहे, फरशी पक्की आहे. मालकीणबाईंना मी आधीच सांगून टाकलंय की माझ्यामागून एक समुद्र येणार आहे. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

तर आता माझा खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक मला हवाय. रविवारी टेम्पो येईल. झाकणाच्या नव्या बादल्या पार्सलने पाठवल्यात. बाबांना एवढं सांग: निम्मं जुनं पाणी बादल्यांत भरायचं आणि दगड त्यातच बुडवून ठेवायचे. दगडांवरची कोरल जिवंत असतात, त्यांना वाटेत कोरडं पडू द्यायचं नाही. मासे सगळ्यांत शेवटी धरायचे. आणि तळाची वाळू अजिबात ढवळायची नाही. पाच वर्षांची घाण तिच्याखाली दबलेली आहे, ती वर आली की विष होतं आणि सगळं मरतं. ती वाळू तिथेच टाकून द्या, मी इथे नवी घेतलीय.

बाबा कुरकुर करतील. तू त्यांना ऐकवशील याची खात्री आहे, म्हणून तर तुला लिहितेय. लोभ आहे तो कामाला लाव.

तुझी
ठमी


ता. १२ फेब्रुवारी

चि. ठमीस आजीचे आशीर्वाद.

इकडे सगळं क्षेम आहे, फक्त तुझा बाप घरात आहे.

तुझा टेम्पो आला तसा रिकामा गेला. टेम्पोवाल्याचं म्हणणं, माणसं आहेत चार, पेटी पाण्यासकट उचलू. जसा काही आजारी माणूस गादीसकट न्यायचाय. तुझ्या बापाने त्याला असं झापलं की तो आपला दोरखंड इथेच विसरून पळाला. इथवर मी तुझ्या बापाच्या बाजूने. काच फुटली असती तर ते खारं पाणी पुसायला मीच होते.

पण मग मी म्हटलं, बाबा रे, पाणी बादल्यांत काढ की. तर बादल्या कुठायत? गॅरेजात. गाड्यांचं जळकं तेल भरून ठेवलंय त्यांत. म्हणे चुकून झालं. तेलाचा थेंब लागला की भांडं माशांना कायमचं बाद, हे मला शिकवलं कोणी? त्यानेच. एकदा माझा साबणाचा हात पेटीला लागला तर मला आठ दिवस ऐकवत होता. जन्मभर मेकॅनिकी केलेल्या माणसाला तेल कुठल्या भांड्यात ओतावं ते कळत नाही, यावर तू ठेव विश्वास. मी त्याला जन्म दिलाय, मी ठेवत नाही.

तुझी आई या भानगडीत पडत नाही. ती म्हणाली, सासू आणि नवरा यांच्यामध्ये उभं राहून निम्मा जन्म गेला, आता मासे आणि नवरा यांच्यामध्ये उभी राहणार नाही. हे मला उद्देशून होतं, पण मला कमी ऐकू येतं.

तुम्ही बापलेक एकमेकांशी बोलत नाही आणि माझी टपालपेटी केलीत. लाल रंग तेवढा लावायचा राहिलाय. शाळेत मी दोन यत्ता काढल्या त्या काय याच्यासाठी? एवढं लिहून बोटं दुखली.

लोभ आहे. असाच छळ चालला तर आटेल.

आजी


ता. १८ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

चुकून? बाबा नुसत्या आवाजावरून गाडीतला कुठला नट सैल आहे ते सांगतात, आणि बादल्या चुकून?

टँक माझा आहे. शिकवण्या करून घेतलाय मी. घरात आणला तेव्हा बाबा म्हणाले, ही श्रीमंतांची थेरं आपल्याला कशाला. मी नोकरीसाठी निघाले तेव्हा म्हणाले, आठवड्यात मासे मरतील आणि आठवड्यात तूही परत येशील. मासे मेले नाहीत आणि मी परत आले नाही. दोन्हींचा राग माझ्यावरच. मी सुट्टीला आले तरी त्यांची माझ्याकडे पाठ आणि टँककडे तोंड. मग मी येणंच सोडलं.

इथे मी कामावरून येते, कुलूप काढते, आणि घरात माझ्याशिवाय हलणारं काही नसतं. एवढ्यासाठी मागतेय गं. हौस म्हणून नाही.

येत्या रविवारी ॲक्वेरियमवाला येईल. त्याला या कामाची सवय आहे. आणि बाबांनी त्यालाही अडवलं, तर मी त्याला सांगून ठेवलंय की सगळं उचलून आपल्या दुकानात ने आणि विकून टाक. मला नाही तर कुणालाच नको.

तुझा लोभ आटू देऊ नकोस. दुसरा कुणाचा मला दिसत नाही.

ठमी


ता. २६ फेब्रुवारी

ठमाबाईंना आशीर्वाद, आणि कान इकडे करा, पिळायचाय.

तुझा ॲक्वेरियमवाला आला. अंगाने काडी, आवाज ढोलासारखा. पेटीपुढे उकिडवा बसला तो उठेचना. मग मला विचारतो, हे कोणी वाढवलं? तू ठेवून गेलीस तेव्हा काय होतं ते आठव. चार दगड, त्यांवर बोटभर पोवळी, आणि ते पट्ट्यापट्ट्यांचं नारिंगी जोडपं. आता हिरवी पोवळी दगड सोडून मागच्या काचेवर चढलीत आणि जांभळ्यांनी पंप गिळलाय. तो म्हणाला, कापल्याशिवाय यातलं काही निघायचं नाही. असं म्हणून त्याने पिशवीतून कातर काढली मात्र, तुझा बाप हातात पाना घेऊन मध्ये उभा. मारायला नव्हे, गॅरेजातून तसाच आला होता. पण त्या काडीला काय ठाऊक? तो माझ्या मागे लपला. या वयात मी कुणाची ढाल होईन असं वाटलं नव्हतं.

आता तू ऐक. तू गेलीस तेव्हा तुझा बाप रोज सकाळी उठून बघायचा, मेले का. मरावेत हीच इच्छा, म्हणजे याचं म्हणणं खरं झालं असतं. मरायची वाट बघणारा माणूस त्यांना खायला का घालत होता, ते मला विचारू नकोस. पुरुषाच्या डोक्यात मी कधी शिरले नाही, आत बसायला जागा नसते. गेल्या उन्हाळ्यात दिवसभर वीज गेली होती. पंप बंद. गॅरेजात गाड्या खोळंबल्या, गिऱ्हाईकं दारात बोंबलतायत, आणि हा पेटीपाशी स्टुलावर बसून मगाने पाणी उचलतोय आणि वरून ओततोय, उचलतोय आणि ओततोय. कशाला, तर पाण्यात हवा जावी म्हणून. खांदा सुजला. तुला कळवायचं नाही अशी मला तंबी होती. मी पाळली. पण तू विकायची भाषा केलीस, तिथे तंबी संपली.

तर पेटी तुझी, मान्य. आत जे वाढलंय ते तुझं एकटीचं नाही. आणि तळाची वाळू ढवळू नका, विष वर येतं, असं आम्हाला शिकवतेस. मग मागच्या पत्रात तू दुसरं काय केलंस गं?

त्या काडीने माझ्या पाठीआडून एक गोष्ट मात्र कामाची सांगितली. पोवळं कापलं म्हणून मरत नाही म्हणे. निम्मं इथे ठेवा, निम्मं तिकडे न्या, दोन्ही वाढतात. मी आमच्या घराण्यातल्या सगळ्या वाटण्या पाहिल्यात. जमिनीची पाहिली, भांड्यांची पाहिली, एका आरशाचीसुद्धा पाहिली. दोन्हीकडे वाढलं ते फक्त भांडण. म्हणून त्याला पुन्हा विचारलं. तो शपथेवर म्हणाला, वाढतात. मग मी तुझ्या बापाला म्हटलं, ऐकलंस ना, आता कापू दे. तर म्हणाला, परका माणूस हात लावणार नाही. म्हटलं, मग तू काप, पण काप.

माशांची मात्र वाटणी होत नाही. जोडपं एकच. मी निकाल दिला, मासे पोरीचे. तेव्हापासून तुझा बाप माझ्याशीही बोलत नाही. घरात शांतता आहे, तेवढाच नफा.

लोभ तुझ्या वागण्यावर अवलंबून.

आजी


ता. ५ मार्च

चि. ठमीस,

पत्र लिहायची सवय नाही. मुद्द्याचं लिहितो.

शनिवारी येतो. टेम्पो ओळखीचा आहे. मी मागे बादल्यांपाशी बसेन. बादल्या नव्या घेतल्या. आधीच्या खराब झाल्या होत्या.

हिरवं काचेवरून सोडवताना थोडं फाटलं. जांभळं नीट निघालं. मोठे तुकडे तुझ्यासाठी काढलेत. इथे राहिलं त्याच्यासाठी लहान पेटी केली आहे. मोठी तुझीच.

मीठ आदल्या दिवशी पाण्यात कालव आणि पंप लावून फिरतं ठेव. ऐनवेळी कालवलेलं पाणी त्यांना भाजतं. पेटी उन्हाच्या भिंतीला नको. मादी मोठी आहे, ती हाताला चावते. चावली तर तब्येत ठीक आहे असं समजावं.

वाळू ढवळलेली नाही. तू सांगितलं तसंच केलं.

वाटेत एखादं मेलं तर दोष माझा धर. आधीच लिहून ठेवतो.

बाबा


ता. २ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि., आणि कृपा करून तुझा मुलगा परत ने.

टेम्पो थांबला तेव्हा बाबा माशांच्या बादलीला कवटाळून बसले होते. पाय इतके अवघडले होते की आधी बादली उतरवली, मग त्यांना. तोवर सगळं ठीक. पण टँक भरला आणि पाणी दुधासारखं गढूळ झालं. मासे दगडामागे गेले ते बाहेर येईनात, खाईनात. हिरव्या कोरलने अंग मिटून घेतलं. मी म्हटलं, तुमच्या हातून वाळू ढवळली गेली असणार. ते म्हणाले, तू मीठ नीट कालवलं नसणार. मग आम्ही भांडलो आजी, पोटभर भांडलो. मिठावरून सुरू झालो आणि मी घर सोडलं त्या दिवसापर्यंत पोचलो. मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबा म्हणाले, टँक गेला की तुला घरी यायला काही कारणच उरणार नव्हतं. मी म्हटलं, टँक होता तेव्हा तरी तुम्ही माझ्याशी कुठे बोलत होतात. भांडण तिथेच टाकून आम्ही दोघांनी पाणी बदललं.

मग हळूहळू निवळलं. एक दिवस मी काच पुसायला हात घातला आणि मोठीने बोटाला कडकडून चावा घेतला. मी किंचाळले. बाबा धावत आले, बोट बघितलं आणि इतके खूश झाले की मला रागावताच येईना.

पण आता हे बघ. माझं कपाट त्यांनी दुसऱ्या भिंतीला नेलंय. नळ बदललाय. शेजाऱ्याची स्कूटर उघडून अंगणात पसरलीय. मी चहात साखर किती घालावी हेही तेच ठरवतात. रोज सकाळी काचेच्या नळीत टँकचं पाणी घेतात, औषधाचे थेंब टाकतात, उजेडात धरून रंग बघतात आणि मान हलवतात. म्हणे पाणी अजून स्थिरावलं नाही, आणखी आठवडाभर थांबावं लागेल.

पाणी केव्हाच स्थिरावलंय आजी. तो रंग मलाही कळतो. मी त्यांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

लोभ आहेच, तुझ्या मुलाने त्यातला थोडा पळवलाय.

ठमी


ता. १० एप्रिल

चि. ठमीस आशीर्वाद.

परत ने म्हणतेस आणि सांगू नकोस म्हणतेस. एका कागदावर दोन तोंडं. अगदी बापावर गेलीस.

इकडे काय चाललंय ते ऐक, म्हणजे तुम्हा दोघांना जराशी लाज वाटेल. लहान पेटी आमच्या गळ्यात पडलीय. खाणं तुझी आई घालते, काच मी पुसते. परवा पाणी खाली गेलं. खारं पाणी उडालं तर खारंच घालायला हवं, म्हणून मी मिठाचं पाणी घेऊन निघाले. तुझ्या आईने हात धरला. म्हणाली, मीठ उडत नाही, नुसतं पाणी उडतं, साधं घाला. आम्ही दिवसभर वाद घातला. तिचंच बरोबर निघालं. मला ते आवडलेलं नाही. हिरवी पोवळी कापली होती तिथे भरून आली आणि आता बाजूने नवी बोटं काढतायत. बापाला सांग. किंवा नकोच सांगूस, बघायला लगेच इकडे पळत येईल.

गॅरेजचं तर विचारूच नकोस. कुणाची गाडी पोट फाडून ठेवलीय, कुणाचं चाक काढलंय, आणि शटर खाली. गिऱ्हाईकं शिव्या घालत माझ्याकडे येतात. मेकॅनिक कुठे गेला, कधी येणार, आम्ही काय पायी फिरायचं का. जन्मभर मी स्वतःसाठी खोटं बोलले नाही, आणि आता तुम्हा बापलेकीसाठी रोज दारात उभी राहून बोलतेय. त्यांना सांगते, पाणी अजून स्थिरावलं नाही. त्यांना ओ की ठो कळत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून परत जातात.

लोभ आहे तो आहेच. बाप आणखी आठवडाभर तिकडेच असावा.

आजी