नवरीचं कापड

मंगळवार दुपार,
अल्जिअर्स, विमानात

लाडक्या नुआराला ताईचा सलाम,

पोरांचे खोकले गेले असतील. मी बरी आहे. खिडकीजवळची जागा मिळालीय. फोनने मान टाकली म्हणून उलटीच्या पिशवीवर लिहितेय; हसू नकोस, कागद चांगला जाड आहे.

विमान हललेलं नाही. आपल्या तिमिमूनला वाळूचं वादळ आहे म्हणे. दारं लावून आम्हाला कोंडून ठेवलंय. शेजारी हाज्ज मब्रूक म्हणून खजुरांचे म्हातारे व्यापारी आहेत. हवाईसुंदरीला म्हणाले, "अगं बाई, वाळूला भिणारं विमान वाळवंटात पाठवता कशाला? माझा उंट बरा होता, शिव्या दिल्या की उठायचा तरी!" सगळे हसले. मीही हसले, नुआरा. आई गेलीय आणि मी हसले.

पहाटे लख्दरदादा फोनवर म्हणाला, "तिसऱ्या प्रहराच्या नमाजेनंतर नेणार. उन्हाळा आहे, त्यापुढे थांबता येणार नाही." त्याचं काही चुकलं नाही. पण आपण बायका काही कबरस्तानात जात नाही. ती उंबऱ्याच्या आत असेपर्यंत पोचले, तरच माझी आई मला दिसणार.

आणि हे कापड. हजला गेली तेव्हा आईने स्वतःचं कफन आणलं होतं, मक्केतल्या झमझम विहिरीच्या पवित्र पाण्यात भिजवून, तिथल्याच उन्हात वाळवून. तुमच्याकडे ठेवलं नाही तिने. "नुआरा रोज उघडून रडत बसेल. तू दगड आहेस, तू सांभाळ," मला म्हणाली. सांभाळलं गं दगडाने. सामानात टाकवेना, म्हणून मांडीवर घेऊन बसलेय.

हाज्जनी विचारलं, "केवढं पांढरंशुभ्र! नवरीचं का?"

मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर विमानभर हळहळ झाली असती, आणि मग मला आवरता आलं नसतं. पण मागच्या बायकांनी ऐकलं. बसून बसून कंटाळलेल्याच होत्या, जिभा हलवून लू-लू-लू असा लग्नाचा सूर धरला की त्यांनी! एकीने माझ्या तोंडात बदामाची वडी कोंबली.

"नवरी कशी आहे गं?"

"सावळी. हट्टी. कुण्णाचं ऐकत नाही."

"मग नवऱ्याचं काही खरं नाही!"

मी वडी चावत राहिले.

आत्ता हाज्जनी बसल्या जागीच तिसऱ्या प्रहराची नमाज पढली. विमान अजून तिथंच. म्हणजे तुम्ही तिला आंघोळ घातली असेल, दादाने बाजारातून कापड आणलं असेल. आणलं तर आणलं. काय करणार? आयुष्यभर बिचारीने स्वतःसाठी एवढंच मागितलं होतं, आणि तेवढंही मला देता आलं नाही. नुआरा, पाणी कोमट घेतलंस ना? गार पाणी तिला सोसत नाही. कुणाला विचारतेय मी? हे तुझ्या हातात पडेल तेव्हा तिच्यावरची मातीसुद्धा वाळलेली असेल.

विमान हललं. सगळे टाळ्या वाजवताहेत. बायकांनी पुन्हा तो सूर धरलाय, थांबत नाहीत मेल्या. हाज्ज म्हणताहेत, "चल पोरी, पूस डोळे. नवरी वाट बघत असेल."

ती नाही थांबली गं.

तुझी दगड ताई,
झहिया