ओली ठेवलेली माती

३ मार्च

‘होय साहेब’ म्हणालो. त्यांचं वाक्य पुरतं संपलंसुद्धा नव्हतं.

पाहुणे येणार आहेत, खाणीच्या ऑफिससमोरचा उतार उघडाबोडका दिसतो, त्यावर हिरवळ हवी, चांगली माती लागेल. ‘तो जवळचा काळा ढीग उचला.’

तो ढीग ताईच्या शेताचा. खोदाईच्या आधी तिथली वरची हातभर माती मी स्वतः उभं राहून खरवडून घेतली होती. कोळशावरच्या मुरूम-दगडात तिचा कण मिसळू दिला नाही. ढीग कमरेच्या वर जाऊ दिला नाही, कारण उंच ढिगात आतली माती गुदमरून मरते. दाजी जमिनीच्या कागदावर सही करायला तयार नव्हते. मीच म्हणालो, ‘खड्डा भरला की तुमचीच माती तुमच्याच तुकड्यावर परत पसरतो. माझा शब्द.’ त्या शब्दावर सही झाली.

आणि आज — होय साहेब! नाही म्हटलं असतं तर त्यांनी फार तर तोंड वाकडं केलं असतं. दुसरा ढीग जरा लांब होता, एवढंच. ही माती कुणाची हे त्यांना माहीतही नव्हतं. मी सांगितलंच नाही.

४ मार्च

ढीग गेला. त्यावरची ताईच्या शेताच्या नावाची पाटी मी उपटून ठेवली.

६ मार्च

ताईचा फोन. ‘आमचा तुकडा भरून सपाट झाला म्हणे. माती कधी टाकताय? उद्या बघायला येते.’ म्हटलं, ये की. आवाज असा गोड काढला की माझी मलाच किळस आली.

मग पाटी लांबच्या तांबड्या ढिगावर रोवली. धूळ बसवायचा टँकर बोलावला आणि अख्खा ढीग भिजवून घेतला. ओली झाली की तांबडी मातीही काळपट दिसते. इतकी वर्षं माती हाताळून शेवटी हे उपयोगी पडलं!

टँकरवाला म्हणाला, ‘ढिगाला आंघोळ कशाला?’ म्हटलं, धूळ उडते. ‘वारा कुठंय?’ मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

७ मार्च

ताई आली. एकटीच. दाजींची कमर धरली आहे — माझं नशीब.

ढिगाभोवती फिरली. कोपरापर्यंत हात आत घातला. ‘पाऊस झाला का इकडं?’

‘टँकर मारतो आम्ही. माती जिवंत राहते.’ वर हेही बोललो.

घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होता तिनं. तो भरून घेतला. ‘यांना दाखवते. आपल्या मातीत शेपू न पेरता उगवायचा ना? तो आला की यांचा जीव भांड्यात पडेल.’

निघताना माझ्या कॉलरवरची धूळ झटकली. शाळेच्या फाटकाशी सोडताना झटकायची, तशीच. मला तिथल्या तिथं सांगून टाकायचं होतं. ‘सावकाश जा’ म्हणालो.

१५ मार्च

ताईकडे गेलो. डबा खिडकीत. काही उगवलेलं नाही.

दाजी म्हणाले, ‘काय हो मेव्हणे, तुमच्या खाणीनं शेपूलाही नोटीस दिली का?’ हसलो. शेपू मला जन्मात आवडला नाही, त्या वासानं ताटावरून उठायचो मी. आता त्यानं उगवावं म्हणून मनातल्या मनात हात जोडतोय.

ताईनं डब्यात पाणी घातलं. आधीच चिखल झाला होता, तरी घातलं. इतक्या आशेनं पाणी घालणाऱ्या बाईकडे मला बघवेना.

२१ मार्च

शेपूचं बी आणलं. ताई चहा टाकायला आत गेली, दाजींचं डोकं पेपरात. बोटानं डब्यात दाबलं. हात रुमालाला पुसले. चहा प्यायलो, दोन बिस्किटंही खाल्ली. या वयात हे धंदे!

३० मार्च

पाहुणे येऊन गेले. हिरवळीवर फोटो काढून घेतले.

तिथं गवतातून शेपू वर आलाय. माळी वैतागलाय. ‘उपटला की चार दिवसांत पुन्हा हजर.’ साहेब मला म्हणाले, हे रान काढून टाका. मी काय म्हणणार? होय साहेब.

माळ्याबरोबर वाकून मीही उपटला. साबणानं दोनदा हात धुतले, वास जात नाही.

४ एप्रिल

दाजींचा फोन. डब्यात शेपू आला. ‘मेव्हणे, मी तुमच्यावर शंका घेतली. मनावर घेऊ नका. आमचे शेजारी अजून सही अडवून बसलेत, त्यांना कट्ट्यावर सांगितलं — आमच्या मेव्हण्याकडे बघा, शब्दाला जागणारा माणूस.’

बायकोनं ताट वाढलं. जेवण गेलं नाही. ‘मला लाज वाटते’ असं वर लिहिलं होतं, खोडलं. फार कमी पडतं ते.

७ एप्रिल

ताईकडे गेलो. दाजी कट्ट्यावर गेल्यावर तिनं खिडकीतला डबा खाली घेतला. ‘आता पाणी बंद करते. ही माती लांब कुठंतरी टाकून येते. सुकली की तांबडी दिसते रे. यांच्या लक्षात आलं असतं, म्हणून पहिल्या दिवसापासून ओली ठेवत होते. आणि शेपू एवढा दाट पेरतात का?’

तिनं डबा पिशवीत घातला.

‘यांना नाही सांगणार मी. मला सांग — आपली कुठं टाकलीस?’