पाचवी खिडकी

३ मे १९७४

पुन्हा शिडी काढली. दरवर्षीचं सोंग! चर्चच्या जत्रेआधी पाचव्या खिडकीचे गज रंगवायचे. खिडकी कसली — विटांची भिंत, काळी फासलेली, तिच्यावर पांढऱ्या रेघा. दोनशे वर्षांपूर्वी सासरच्या कुणा गॅरडने जुन्या लाकडी घराच्या तोंडावर हा विटांचा मुखवटा चढवला. रस्त्यावरून पाच खिडक्या दिसल्या की घराणं मोठं. मागे एक तुळई सरळ नाही. बडा घर पोकळ वासा.

त्या आंधळ्या खिडकीमागे सासूबाई. जानेवारीत पडल्या, तेव्हापासून अंथरुणात. भर दुपारी दिवा लावावा लागतो. रोज एकच प्रश्न — "सफरचंदाला फुलं आली का गं?" आली म्हणते. दर्शनी खोली काही सोडवत नाही. मालकीणपण जाईल ना! वर म्हणतात, उजेड डोळ्यांना टोचतो.

७ मे

लायोनेलला आईचा उमाळा आलाय. खिडकी फोडणार म्हणे. "मूळची खरीच आहे गं, खिडक्यांवरचा कर चुकवायला बुजवली." गावातल्या प्रत्येक घरात हीच थाप. नवऱ्याला अक्कल असती तर बावीस वर्षांत दिसली असती. घर जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत, विचारल्याशिवाय खिळाही ठोकायचा नाही. परवानगीसाठी काउंटीच्या कचेरीतली बाई येणार आहे.

१० मे

मिस पेटिट आली. बुटांना चिखल लागू नये म्हणून अंगणातून टुणटुण उड्या मारत. खोलीतला गिलावा खरवडला. आत ओकचा खांब, माणसाच्या कंबरेएवढा.

"ही खिडकी कधी उघडी नव्हतीच, मिसेस गॅरड. पाचाचा मेळ बसावा म्हणून नुसती रंगवलीय. मागे नेमका घराचा मुख्य खांब. हा कापला तर छप्पर खाली येईल."

बाहेरच्या शोभेसाठी आतल्यांना अंधार! लायोनेल खांबाकडे बघत बसला, बैलासारखा.

"मला ठाऊक होतं," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. ठाऊक होतं तर इतकी वर्षं इथे कशाला? सुंभ जळेल, पीळ जळणार नाही.

११ मे

पाऊस. गज अर्धेच रंगलेत. जत्रेतले लोक हसतील. हसोत.

१२ मे

मिस पेटिट पुन्हा आली. तिला नोंद करायची होती — ही खोली पूर्वी कशाची? लायोनेल म्हणाला, "सफरचंदं साठवायची. आमचं लग्न ठरलं तेव्हा आई इथे आली, तिची खोली आम्हाला दिली. हिला सांगू नको म्हणाली, नव्या मुलीला उगीच ओशाळल्यासारखं होईल."

सासूबाईंचा पलंग आमच्या खोलीत हलवला, सफरचंदाच्या झाडासमोरच्या खिडकीशी. त्यांच्या खोलीत. पडदा ओढू का, विचारलं — उजेड टोचतो ना तुम्हाला?

"राहू दे," म्हणाल्या. आणि बाहेर झाडाकडे बघत, "खालची फांदी छाटायला हवी होती तुम्ही."