आत, बाहेर, वर, खाली

रवि. १९ जुलै २०२०, गॉलवे

चार महिन्यांनी मैदान बघितलं. न बघता चाललं असतं. ११–३ ने हरलो.

टीमचं नाव हेरन्स. मी बगळेच म्हणतो, कारण लांब उभे केलेले तिघेही एका पायावर उभे राहून बॉल आपणहून चालत येईल याची वाट बघत असतात. प्रेक्षकांना बंदी, म्हणून ब्रेंडनने मला स्कोअरर केलं. ब्रेंडन मॅनेजर. धंदा तुंबलेली गटारं मोकळी करण्याचा, बेसबॉलचं ज्ञान त्याच खोलीवरून आणलेलं. "यू'ल बी ग्रँड, वसंत." अकरा वर्षं कुंपणाबाहेरून शिव्या दिल्या, आता टेबल-खुर्चीसकट देतो.

नीलेश बॉल टाकतो, कॅथल पकडतो. नीलेश नागपूरचा, स्टेंटच्या फॅक्टरीत इंजिनिअर. अख्ख्या टीममध्ये खरा हात एवढाच, बाकी सगळी खोगीरभरती. पण चष्मा मायनस सहाचा, वर पावसाचे थेंब. कॅथल दोन मांड्यांमध्ये बोटं दाखवतो, कुठे टाक ते. याला बोटंच दिसत नाहीत. तो बाहेर, बॅटरपासून लांब वाट बघत बसलेला, हा आत, बॅटरच्या अंगाजवळ टाकतो. एक बॉल कॅथलने छातीवर घेतला. प्लंबर आहे म्हणून वाचला.

मंगळ. २१ जुलै

वर्कशॉपमध्ये कटरला धार लावता लावता सुचलं. बोटं दिसत नाहीत ना, मग ओरडून सांगा. मराठीत.

संध्याकाळी कॅथलला चार शब्द शिकवले. आत, बाहेर, वर, खाली. दहा मिनिटांत आले. 'बाहेर' त्याच्या तोंडात 'वाहर' होतं, पण नीलेशला कळतं. नीलेश काहीतरी म्हणत होता, बोटांना रंग की काय. म्हटलं, तू फक्त टाक.

घरी बायकोला, सुधाला, सांगितलं. म्हणाली, "आणि कुणाला कळलं तर?"

कोणाला कळणार? मराठी माणूस बेसबॉलच्या वाटेला जात नाही. कंपनीने तीन वर्षं अमेरिकेत एका मशीनपाशी बसवलं नसतं, तर मीही गेलो नसतो. अख्ख्या आयर्लंडमध्ये दोघेच. एक टाकतो, एक शिव्या देतो.

रवि. २ ऑगस्ट, मलिंगार

जिंकलो! ६–२.

कॅथल घसा फाडून, "चल आत, आत, गुड मॅन! वाहर, वाहर!" मलिंगारच्या एकाने ब्रेंडनला विचारलं, युअर मॅन आयरिश बोलतोय का? ब्रेंडन शांतपणे म्हणाला, हो, पार पश्चिमेची, कॉनेमाराच्या पलीकडची आहे, तुम्हाला नाही कळायची. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला डोकं आहे असं वाटलं. तेवढ्यात त्याने बॅटिंगचा क्रम बदलला आणि शंका मिटली.

रवि. १३ सप्टें.

नीलेशने ओळीने सात जणांना बॉल दिसूही दिला नाही. बगळ्यांनी तरी सामना जवळजवळ घालवला. आपल्याच माणसाच्या पायात पाय घालून पडायला अंगात कला लागते.

त्याची बायको प्राजक्ता आणि छोटी ईरा फेब्रुवारीत नागपूरला लग्नाला गेल्या त्या तिकडेच अडकल्यात. मॅच संपली की हा फोन धरून मैदान दाखवतो, "ईरू, बाबा इथून टाकतो बघ." गाडीत मला म्हणाला, "काका, आठवड्यात हे दोन तासच मी माणसांत असतो."

म्हटलं, यांना माणसं म्हणतोस?

गुरु. २२ ऑक्टो.

सगळं पुन्हा बंद. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. बगळ्यांच्या बॅटला पन्नास फूट पुरतात, त्यांना काय फरक पडतो.

रवि. १३ जून २०२१

लेटरकेनीची नवी टीम आली. अर्धे हॉस्पिटलातले, अर्धे गावातले. पहिल्या बेसपाशी त्यांचा कोच, डॉ. गड्डम. गोल चेहरा, गोड बोलणं, हैदराबादकडचा असावा. इंग्रजीत हवापाण्याचं बोललो. टाळ्या फार वाजवतो. दर बॉलच्या आधी, कधी एक, कधी दोन. काही लोकांना हात स्वस्थ ठेवता येत नाहीत.

१४–१. नीलेशची कणीक तिंबली. बाहेर टाकला की बॅटर आधीच बाहेर झुकलेला, आत टाकला की मागे सरकलेला. काल शिकलेली पोरं ही! म्हणजे बॉलमध्येच दम नाही, दुसरं काय?

रवि. ४ जुलै

पुन्हा लेटरकेनी. १६–२. डॉक्टरच्या टाळ्या, त्याच्या पोरांच्या धावा. पाचव्या इनिंगला नीलेशने टोपी काढून डोकं खाजवलं तेव्हा ओळखलं, संपला. एवढी वर्षं मशीनं ऐकली, एखादा पार्ट जातो तेव्हा कळतं.

घरी येऊन ब्रेंडनला मेसेज टाकला: नीलेशचा हात गेला, दुसरा बघ. त्याचं उत्तर: यू'ड नो.

अर्थात मलाच कळणार. त्याला काय, गटारं कळतात.

रवि. ११ जुलै

नीलेश आला नाही. युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून ब्रेंडनच्या दारात पिशवी ठेवून गेला म्हणे. इस्त्री कशाला करायची? नागपूरचे लोक रागावतात तेसुद्धा नीटनेटके.

त्याच्या जागी टायलर. अमेरिकन, बावीस वर्षांचा, उन्हाळ्यापुरता फॅक्टरीत शिकायला आलाय. बॉलपेक्षा च्युइंगगमकडे लक्ष जास्त. समोरचे आमच्याहून मठ्ठ निघाले म्हणून जिंकलो.

रवि. २२ ऑगस्ट, लेटरकेनी

लिहायचं नव्हतं. लिहितो.

स्कोअररचं टेबल त्यांच्या बाकाशेजारी होतं. टायलरला बोटं दिसतात, त्यामुळे मराठी बंद. लेटरकेनीवाले आज आंधळ्यासारखे बॅट फिरवत होते. डॉ. गड्डम पाचव्या इनिंगनंतर बाकावर येऊन बसला, कानात फोनची बोंडं, कुणा मित्राशी बोलू लागला.

"आज मजा नाही बे बाळ्या. त्यांचा चष्मेवाला आला नाही. मागं दोन्ही टायमाला त्यांचा कॅचर मोठ्यानं सांगायचा, आत, बाहेर. मराठीत बे! खरंच. मग त्यानं आत म्हटलं की माझी एक टाळी, बाहेर म्हटलं की दोन. कोण येडं शिकवलंय काय की त्याला."

पेन्सिल खाली ठेवली.

विचारलं, "डॉक्टर, सोलापूर का?"

"हो की! तुम्ही?"

"चिंचवड."

"मग आधी बोलायचं की हो काका! इंग्रजी झाडत होता, मी तुम्हाला साउथचे समजलो."

मी आडनाव बघून त्याला तेलुगू ठरवला. तेलुगू आहेच, पण तीन पिढ्या सोलापुरात. शाळा मराठी. मी म्हटलं, ही चोरी झाली. तो पोट धरून हसला. "चोरी कसली? दवंडी तुम्हीच पिटलीत, मी फक्त ऐकली."

त्याचं काहीही चुकलेलं नाही. तेच तर.

सोम. २३ ऑगस्ट

स्कोअरबुक काढून बसलो. बाकीच्या कुठल्याही टीमसमोर नीलेश चांगलाच होता. मार खाल्ला तो फक्त लेटरकेनीकडून. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं, माझ्याच नजरेखाली. टाळ्यासुद्धा ऐकल्या होत्या, मोजल्याही होत्या. कान तिखट म्हणून मिरवतो! बंद दाराआडून सांगतो कुठलं कटर बोथट झालंय. फिटर म्हणून चिंचवडला लागलो तेव्हाचा पहिला साहेब म्हणायचा, वश्या, ऐकतोस खूप, समजतं कधी? त्याला तेव्हा मूर्ख म्हणायचो.

सुधाला सांगितलं. म्हणाली, "जा आणि सांग. आणि सांगताना स्वतःला वगळू नकोस. तुला सवय आहे."

रवि. २९ ऑगस्ट

सहा दिवस वर्कशॉपमध्ये फार काम होतं. नव्हतं.

आज गेलो. नीलेशने दार उघडलं, दाढी वाढलेली. घरात ईराची सायकल, दीड वर्षात न हललेली. मायलेकींचं तिकीट दुसऱ्यांदा रद्द झालंय.

डॉक्टरचं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं.

"मग माझा हात?"

"हाताला काही झालेलं नाही."

"काका, मी दोन महिने खांदा दाखवतोय. स्कॅन केला. त्यात काही निघालं नाही म्हणून आणखी घाबरलो. वाटलं, डोक्यातच काहीतरी..." मग एकदम विचारलं, "हात गेला असं ब्रेंडनला कोण म्हणालं?"

आलो तेव्हा इथपर्यंत यायचं ठरवलं नव्हतं.

"मी."

"आणि ते आत-बाहेर पण तुमचंच."

"तेही माझंच."

त्याने कपाटातून कप काढला, चहा ओतला, माझ्यापुढे ठेवला. एकच कप. "चहा घ्या," म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला. मी चहा पूर्ण प्यालो. कप विसळून ठेवला. तो बाहेर आला नाही. दार ओढून घेतलं आणि निघालो.

रवि. १२ सप्टें.

प्रॅक्टिसच्या आधी सगळ्या बगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. नीलेशचा दोष नव्हता, शहाणपणा माझा होता. बारा वर्षं ज्यांना नावं ठेवली, त्यांच्यासमोर. कॅथल एवढंच म्हणाला, "आय लाइक्ड द वर्ड्स." ब्रेंडन हसून हसून लाल झाला. मग लाल चेहऱ्यानेच म्हणाला, टायलर गेला अमेरिकेला, पुढच्या रविवारी फायनल, लेटरकेनीशी, त्यांच्याच गावात. यू ब्रोक इट, यू फिक्स इट.

गटारवाला बरोबर बोलतो तेव्हा फार लागतं.

नीलेशला तीन मेसेज टाकले. वाचलेत. उत्तर नाही.

गुरु. १६ सप्टें.

नीलेशचा फोन. "येतो काका. पण माझी एक अट आहे."

अट ऐकली. हो म्हटलं. आणखी काय म्हणणार.

रवि. १९ सप्टें., लेटरकेनी, गाडीत

अट ही: मी मैदानात नको. दिसायला नको, ऐकू यायला नको. "तुमचा आवाज आला की बॉल सोडताना माझा हात आखडतो. आजचा नाही, पहिल्यापासून. तुम्ही म्हणता सगळे मठ्ठ, आम्ही ऐकतो ना काका." रागावून म्हणाला असता तर मी भांडलो असतो. त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं.

म्हणून कार पार्कमध्ये बसलोय. मधे उंच झुडपांची भिंत. स्कोअरबुक सुधाकडे. बेसबॉलमधलं तिला एवढंच माहीत, की नवरा रविवारी घरी नसतो.

कॅथलने नखांना बायकोचं पिवळं जर्द नेलपॉलिश लावलंय. लांबूनसुद्धा दिसतं. प्लंबरचे हात आणि ती नखं. नीलेश गाडीत म्हणाला, हेच सांगत होतो मी तेव्हा, तुम्ही बोलू दिलंत कुठे?

डॉ. गड्डम मघाशी काचेशी आला. "काका, बाहेर का? आत या की!"

म्हटलं, बरा आहे इथे.

"आज काही ऐकायला मिळणार नाही वाटतं," म्हणाला आणि गेला.

ब्रेंडनने जाता जाता विचारलं होतं, इज ही एनी गुड, वसंत? द ट्रूथ नाऊ. मी म्हटलं, मला माहीत नाही, जूनपासून मी त्याला नीट बघितलेलंच नाही. त्याने खांद्यावर थाप मारली. त्याचा हात जड आहे.

काच खाली केलीय. सुरू झालं. पहिले दोन बॉल कॅथलच्या ग्लोव्हमध्ये बसले, ते कळलं. मग बॅटचा आवाज. मग ओरडा, मोठा. आमचे आणि त्यांचे सगळेच एकदम ओरडले, काही फोड करता येईना. पुन्हा शांत. मग शिट्टी कुणाची तरी.

सुधाचा मेसेज: "एकजण पळाला. चांगलं की वाईट?"

विचारलं, शर्ट कुठल्या रंगाचा?

अजून उत्तर नाही. बॅट पुन्हा वाजली.