एकतीस गुण

प्रिय सायोको,

आईच्या अस्थी ठेवून परतताना तू विचारलंस, "तोमो, माझ्याकडे बघून का बोलत नाहीस रे?" डोळ्यांत वारा जातोय, म्हणालो. वारा नव्हता.

आपण पंधरा वर्षांचे असतानाचा, त्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेच्या निकालाचा फलक तुला आठवत असेलच. आपले परीक्षा-क्रमांक लागोपाठचे. माझा होता, तुझा नव्हता. तू फलक तीनदा वाचलास आणि हसून म्हणालीस, "चला, जुळ्यांतल्या एकाला तरी डोकं मिळालं!" घरी आईने आनंदाच्या दिवशी करतात तो लाल भात केला. मला वाढलास तूच. पुढे तू शिवणशाळेत गेलीस, वर्षभराने तीही सोडलीस, आणि गेली सव्वीस वर्षं त्या धुलाईच्या दुकानात परक्यांच्या कोटांना इस्त्री करते आहेस. माझ्या लग्नात तू पाहुण्यांना हसवलंस, "आईच्या पोटातच याने माझी अक्कल खाल्ली!" मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने.

सायोको, तुला माझ्यापेक्षा एकतीस गुण जास्त होते.

निकालानंतर चार दिवसांनी आपले वर्गशिक्षक निशिगाकी सर घरी आले होते. तू बाहेर गेली होतीस. मान खाली घालून ते म्हणाले, "मुलांच्या जागा वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या. मुलींच्या जागा थोड्या, त्यांची यादी तिच्या वरच संपली. मुलगा असती तर पहिल्या दहांत आली असती हो." ते गेल्यावर आई मला म्हणाली, "तिला सांगू नकोस. कळून जागा थोडीच मिळणार आहे? उगाच जिवाला घोर." आईला तुझी काळजी होती. मला नव्हती. घरातला हुशार मीच राहावा, एवढंच मला हवं होतं. आईला दिलेला शब्द हे नुसतं निमित्त. ती आजारी पडली, गेली, तरी मी गप्पच.

काल तुझी काझुहा भेटली. त्याच शाळेचा अर्ज भरणार नाही म्हणाली. आता तिथे मुलामुलींची यादी एकच लागते, गुणही तिला चांगले आहेत, तरीही. का गं, विचारलं, तर रक्तगट सांगावा इतक्या सहज म्हणाली, "मामा, मी आईवर गेलेय. आमच्यात डोकं नाही." मला तिथे उभं राहवेना. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. मला माफ करू नकोस, हवं तर दारात उभं करू नकोस. पण हे पत्र फाडण्याआधी तिला वाचायला दे.

तुझाच,
तोमोहारु