जळालेल्या मोटरींची वाट

६ एप्रिल
आजही दुकानात दुरुस्तीला पंपाची जळालेली मोटर आली नाही. रस्त्यावरून जाणाऱ्यांना काम दिसावं म्हणून घरच्याच कूलरची मोटर उघडून तार गुंडाळत बसलो. मलप्पा शेताकडं निघाला होता. "हनीफभाई, कुणाची हाय?" म्हणालो, उदगीरचं मोठं गिऱ्हाईक आहे.

९ एप्रिल
चाकूरबाहेर माळभर कंपनीच्या सोलरच्या प्लेटा. तिथली वीज तारांवरून कुठं लांब जाते. आमच्याकडं थोडे तास, तेही व्होल्टेज मेलेलं. लोक शिव्या घालायचे, मी नाही. व्होल्टेज पडलं की मोटर जळायची, मोटर जळली की माझी चूल पेटायची. त्या मेलेल्या व्होल्टेजवर खूश असलेला तालुक्यात मी एकटाच! आता शेतकऱ्यांनी वावरातच सोलर पंप बसवले. माझी बायको नाझनीन म्हणाली, "दुसऱ्याचं जळावं म्हणून किती दिवस बसणार?"

१२ एप्रिल
मलप्पाच्या वावरात गेलो — त्याच्या नव्या पंपात खोट काढायला. म्हणालो, ढग आले की बंद पडतो बघ. सगळ्यांनी वर पाहिलं. एक ढग नाही. पाणी धो-धो. मी पाइपाला कान लावला. त्याची बायको शिवगंगा म्हणाली, "भाऊ, काय ऐकताय?"
"कण्हतोय का बघतो."
"चांगला हाय की. च्या घ्या."
च्यातही साखर बरोबर.

१३ एप्रिल
दुकान उघडलंच नाही. कुणाला कळलंही नाही.

१७ एप्रिल
लातूरला सोलर पंप दुरुस्तीचं शिक्षण देतायत. नाझनीन म्हणाली, जा. म्हणालो, या वयात बाकावर बसू? उभा जन्म तांब्याची तार गुंडाळली मी!
"मग मी जाते."
हसलो. शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका हसलो.

२१ एप्रिल
सकाळच्या एसटीनं गेली. माझेच पाना-पक्कड घेऊन. दुपारी मी डाळ शिजवली, करपली. चला, काहीतरी जळालं.

४ मे
रोज संध्याकाळी येते, वहीत आकृत्या काढते. चोरून बघितल्या. काही कळलं नाही. चष्म्याला दोष दिला.

९ मे
काल वादळ झालं. सकाळीच मलप्पा दारात. पंप बंद. मी तोंड दुःखी केलं, आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सदरा चढवला, हत्यारांची पिशवी घेतली.
तो खाली बघत म्हणाला, "तसं न्हाई, हनीफभाई. भाभी हाईत का घरी?"

१० मे
पंप सुरू झाला. पिशवी मी धरली होती. नाझनीननं न बघता हात मागं केला, "दहाचा पाना." दिला.