पंधरा मिनिटांत उत्तर नाही आलं तर

सोमवार, ४ मार्च

नोकरीचा पहिला दिवस चक्क चांगला गेला. नकाशे तयार करणारं हे कार्यालय तीन मजली आहे. माझी जागा तळमजल्यावर, सर्व्हरच्या खोलीला लागून. टेबल क्रमांक ८१, एक खिडकी, चालणारा पंखा, बंद पडलेलं घड्याळ. दाराशी मजल्याचा आराखडा लावलेला आहे. त्यात प्रत्येक टेबलाचा क्रमांक आणि तिथे बसणाऱ्याचं नाव. माझ्या नावाची चिठ्ठी आराखडेवाल्या काकांनी स्वतः चिकटवली. म्हणाले, इथे नकाशात नसलेल्याला चहासुद्धा मिळत नाही, आणि स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसले.

ताई इथली संगणक विभागप्रमुख. सख्खी नव्हे, मावसबहीण. पण पहिलीत मला हाताला धरून शाळेत नेलं ते तिनेच. ही नोकरीही तिनेच मिळवून दिली. सगळ्यांना ओळख करून देताना म्हणाली, ही आमची धाकटी, डोकं तल्लख आणि तोंड बंद. दोन्ही खरं आहे.

काम सरळ आहे. एकशे ऐंशी संगणकांवर नवी प्रणाली चढवायची, आपोआप, एकाही मशीनसमोर न बसता.

मंगळवार, ५ मार्च

माझ्या आधीच्या मुलीने हे काम अर्धवट टाकलं. तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे, असं ताई सांगते. लग्न करून गेली म्हणे. काकांना विचारलं तर म्हणाले, चष्मेवाली? या टेबलावर तुझ्याआधी कोणीच नव्हतं. दोन उत्तरं जुळत नाहीत. नोंद करून ठेवते.

अडचण कुठे आहे ते सापडलं. आपोआप चालणारं इन्स्टॉलेशन मशीनच्या स्वतःच्या खात्यातून चालतं, आणि त्या खात्याला पडदा नसतो. एखाद्या प्रोग्रामने मध्येच प्रश्नाची चौकट उघडली, तर ती तिथे आतच उघडते. कोणालाच दिसत नाही. मशीन उत्तराची वाट बघत बसतं आणि बाहेरच्यांना वाटतं, अडकलं.

अशी चौकट समोरच्या पडद्यावर आणणारा छोटा प्रोग्राम मी दुपारपर्यंत लिहिला. उत्तर कोणी दिलंच नाही तर काय, असं ताईला विचारलं. ती म्हणाली, माणसं जेवायला जातात, गप्पा मारत बसतात, म्हणून काम खोळंबता कामा नये. पंधरा मिनिटं थांब, मग ‘हो’ समज आणि पुढे जा. मला हे पटलं नाही. गप्प बसलेल्या माणसाचा होकार धरायचा? तरी लिहिलं. नियमाखाली नाव मात्र माझंच टाकायला लावलं तिने. तुझं काम, तुझं नाव, म्हणाली.

गुरुवार, ७ मार्च

वीस मशीन झाली. एकविसावं माझ्या शेजारच्या रिकाम्या टेबलावरचं. त्यावर चौकट आली. मजकूर माझा नाही.

मी इथे आहे. दिसतंय का?

खाली दोन बटणं, हो आणि नाही. मशीनची नोंदवही, म्हणजे लॉग, तपासला. हा प्रश्न चारशे दिवसांपासून आत उघडा आहे. माझ्या प्रोग्रामने त्याला फक्त बाहेर आणलं. पंधरा मिनिटं वाट बघत बसण्यापेक्षा ‘हो’ दाबलं.

लगेच दुसरा प्रश्न. ताईने तुलाही आणलं का?

मी वायर उपटली.

ताईला सांगितलं. ती हसली, कोणीतरी तुझी फिरकी घेतंय म्हणाली, संगणकाला कुठली आलीय ताई! मग विचारलं, तू कोणतं बटण दाबलंस? थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

सोमवार, ११ मार्च

आज वायर पुन्हा लावली. चौकटीत एकच ओळ मावते. एकामागून एक आल्या.

मी चष्मेवाली.

दर नव्या प्रणालीला एक माणूस आत लागतो.

मागच्या वेळी ताईची पाळी होती. तिने माझं नाव दिलं.

१२ जानेवारीची नोंद बघ.

बघितली. प्रश्न: या वेळचं नाव मिळालं का? उत्तर: हो. खातं: ताईचं. पुढे माझं पूर्ण नाव, स्पेलिंगसकट अचूक.

त्याच संध्याकाळी ताईने आईला फोन केला होता. मावशी, धाकटीला पाठव माझ्याकडे, डोळ्यांसमोर राहील. आईला केवढं बरं वाटलं होतं.

पंधरा मिनिटांचा नियम लगेच काढायला घेतला. बदलाला विभागप्रमुखाची मंजुरी लागते. ताईला जाऊन सांगितलं, एवढी मंजुरी दे. करते गं, करते, म्हणाली. माझ्या केसांवरून हात फिरवला. हात गार होता.

बुधवार, १३ मार्च

मंजुरी नाही. माझा पासवर्ड चालत नाही. दाराने कार्ड घेतलं नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी मागोमाग आत शिरले.

काकांनी नकाशांची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली. माझ्या हातावर. मी ओरडले. ते शीळ घालत गेले.

आराखड्यात ८० नंतर ८२.

आईला फोन लावला. कोण हवंय आपल्याला, म्हणाली. मी सांगितलं. ती म्हणाली, अहो, तुमची काहीतरी चूक होतेय, मला मुलगी नाही. एक भाची आहे, तिकडे मोठ्या हुद्द्यावर.

आईने मला अहो म्हटलं.

गुरुवार, १४ मार्च

ताईच्या टेबलासमोर उभी आहे. उभ्यानेच लिहितेय. तिने मान वर केली नाही, पण मी आले तेव्हा तिची बोटं थांबली. बाकी कोणाला दिसत नाही मी. तिला दिसते.

तिच्या पडद्यावर चौकट. माझीच.

टेबल ८१ काढून टाकायचं का?

१४:५२. उलटं मोजतंय.

‘नाही’ दाबायचं फक्त. एकदा. मी म्हटलं, ताई. म्हटलं, रस्ता ओलांडताना कधी माझा हात सोडला नाहीस तू—

ती उठली. काकांना म्हणाली, चला, चहा घेऊन येऊ.

९:३०. माउस माझ्या हाताने हलत नाही. आरपार नाही जात हात. नुसता हलत नाही, जमिनीला खिळल्यासारखा.

‘हो’ सुद्धा दाबलं नाही तिने. उद्या म्हणेल, मी काहीच केलं नाही. आणि ते खरं—

४:१०. शेजारच्या मशीनवर चष्मेवालीची ओळ आली. जागा करून देते, सरकते.

१:४०. परत आली. कप घेऊन. माझ्याकडे बघतेय, सरळ डोळ्यांत. रडतेय. ताई, बस ना, दाब ना—

०:३१. माउसवर हात ठेवला! बाण हलला. ‘नाही’कडे— जवळ—

थांबला. कपाचा ओघळ पडला होता टेबलावर. तो पुसायला माउस उचलला.

पुसतेय.

०:०८

माझा नियम. माझ्या नावाचा. मीच लिहिलं होतं, उत्तर नाही आलं तर